कणसांची झालर

साक्रीला राहायला गेलो तेव्हा माझ्या सामानात दोन पत्र्याच्या ट्रंका, एक स्टोव्ह आणि दोऱ्याच्या गुंड्यांनी गच्च भरलेली उशीची खोळ होती. मोटारीच्या टपावरून हमालाने ती खोळ खाली टाकली, तिचा काहीच आवाज झाला नाही म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. मला त्याचा राग आला. आईनं भांडी दिली होती, सोनं बेतानं दिलं होतं, पण ती खोळ मी माझी मी भरली होती. पुढे त्या गावात मला तगवलं ते त्या खोळीतल्याच वस्तूंनी.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. नवे रस्ते व्हायचे होते आणि आमच्या ह्यांची नोकरी त्या रस्त्यांच्या कामावर होती. सोमवारी सकाळी वळकटी बांधून जे डोंगराकडच्या गावांत जायचे, ते बाजाराच्या दिवशी किंवा रविवारी परत. माणूस चांगला, पण बोलण्यात कंजूष. आठवडाभर खडी, मुरूम आणि मजूर ह्यांच्याशी बोलून त्यांचे शब्द संपलेले असायचे. मला वाटायचं, आता हे माझ्याशी बोलतील, आणि ते जेवून, हात धुऊन, भिंतीला टेकून झोपी जायचे.

घर शेतकऱ्यांच्या गल्लीत होतं. दीड खोली, पुढे ओटा. मी जळगावात वाढलेली, कचेरीतल्या लोकांच्या वस्तीत. अहिराणी कानावरून गेलेली होती, पण ती भाजीवाल्यांची आणि दूधवाल्यांची म्हणून. आता मीच तिच्या मधोमध येऊन पडले होते. मी विहिरीवर "पाणी गढूळ आहे" म्हटलं की बायका एकमेकींकडे बघून "आहे, आहे" करून हसायच्या; त्या "आहे"ला "शे" म्हणत. त्यात वाईट हेतू नव्हता हे आज कळतं. तेव्हा मात्र माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नसे. मी दोन-तीनदा हसणं ऐकलं आणि विहिरीवर सगळ्यांच्या आधी, पहाटेच जायला लागले. म्हणजे तेवढीही सोबत गेली.

मग उरली ती क्रोशाची सुई. शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब, सगळे टाके. मी पाण्याच्या माठावर रुमाल केला, आरशाला पडदा केला, डब्यांच्या फळीला कड केली, कंदील दिवसा टांगून ठेवत असे त्यालासुद्धा एक टोपडं केलं. हे एका रविवारी घरात शिरले आणि चौफेर बघून म्हणाले, "पुढच्या वेळी मी आलो की मला बसू नको देऊस. बसलो तर जाळी चढवशील." त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते. मी हसले, आणि ते निघून गेल्यावर रडले.

दुपारपर्यंत माझा आवाज कुणी ऐकलेला नसे. मीही ऐकलेला नसे. म्हणून मी खांब मोठ्यानं मोजायची. एक, दोन, तीन, चार, मग साखळी. मध्येच शेजारच्या शिंप्याच्या बायकोनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही जप करता का हो?" मी हो म्हणून सांगितलं. खरं सांगायची लाज वाटली.

समोरचं घर मोठं होतं. तीन मुलगे, सुना, नातवंडं, बैल, म्हशी. त्या घराची धनीण म्हणजे अक्का. गल्लीतले सगळे, तिच्याहून मोठी माणसंही, तिला अक्काच म्हणत. उंच, रापलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. शेतातून येताना ती माझ्या दाराशी थांबायची, पण उंबरा कधी ओलांडला नाही. पाय चिखलानं भरलेले असतात, असं म्हणायची. मला वाटायचं, हे निमित्त आहे.

ज्येष्ठ सरता सरता एकदा ती अशीच थांबली. माझ्या मांडीवर टेबलावर घालायचा रुमाल होता. घरात टेबल नव्हतं, ते निराळं.

"का वं बाई, हाई काय शे?"

मी रुमाल पसरून दाखवला. जाळीची घरं करायची, काही भरायची, काही रिकामी ठेवायची, भरलेल्या घरांतून चित्र उठतं. माझ्या रुमालावर दोन हंस होते, शाळेपासूनचे.

"बदक शे का?"

"हंस आहे, अक्का."

"हंस कोनी देखेल शे?" असं म्हणून तिनं रुमाल उलटा करून मागची बाजू बघितली. मागेही पुढच्यासारखंच होतं, गाठ कुठे दिसत नव्हती. ते बघून मात्र तिनं जाळीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आमना कानबाईना चौरंगले अशी झालर करी देशी का?"

कानबाई ही खानदेशातली देवी. श्रावणातल्या एका रविवारी तिला घरी बसवतात. घर पांढरं फटक सारवतात, चौरंगावर कलश, त्यावर नारळ, नारळाला डोळे, नथ, मुंडावळ्या. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. जळगावच्या आमच्या वस्तीत ती कुणाकडे नव्हती, पण मला एवढं माहीत होतं. मी हो म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले की माझं मलाच हसू आलं.

"पन हंस नको. कनीस कर. बाजरीनं कनीस." आणि दुसऱ्या दिवशी आढ्याला बियाण्यासाठी टांगलेल्या कणसांतलं एक काढून तिनं माझ्या ओट्यावर ठेवलं.

त्या कणसानं मला आठवडाभर छळलं. शाळेतला नमुना असता तर डोळे मिटून उतरवला असता. कणसाचा नमुना कुठेच नव्हता. चौकोनी घरांतून गोल दाणे कसे उठवायचे? भरलं तर मुसळ दिसे, विरळ ठेवलं तर झाडू. उसवायचं, पुन्हा करायचं. शेवटी मला सुचलं की दाणे भरायचेच नाहीत, प्रत्येक दाण्याच्या जागी पाच खांब एकत्र बांधून एक फुगीर बोंड उठवायचं. पहिलं कणीस सुईवरून उतरलं तेव्हा ते बोटांखाली खरंच खडबडीत लागत होतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून निघालेली, कुणाचं पाहून न केलेली ती पहिली वस्तू. मी ती घेऊन घरभर फिरले. घर दीड खोलीचं, तेव्हा फिरून लवकर झालं.

अक्काला दाखवलं तर म्हणाली, "कनीस शे." बस्स. पण ते ओळखू आलं हीच केवढी गोष्ट होती.

तिची आणखी एक अट होती. "कोरं पांढरं नही चालाव. हयदमा रंगाडी लेसूत." मग एका सकाळी मला तिच्या अंगणात बोलावलं. मी गुंड्या सोडून लडी करून नेल्या. पितळी पातेल्यात हळदीचं पाणी उकळत होतं, धाकटी सून चुलीत काटक्या सारत होती, आणि अक्का आणि मी लडीचं एकेक टोक धरून ती बुडवत, पिळत, झटकत होतो. एक लड गुंतली. ती सोडवायला आम्ही दोघी जमिनीवर समोरासमोर बसलो, तिचे शेतातले जाड हात आणि माझे, एकाच गुंत्यात. ती मला माझ्या आईचं विचारत होती, मी सांगत होते. धाकट्या सुनेनं मला भाकरीबरोबर ठेचा दिला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर ती मनमुराद हसली. त्या दिवशी मला हसण्याचा राग आला नाही. साक्रीत आल्यापासून मी पहिल्यांदा घरी परतताना रेंगाळले.

तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं. ही झालर त्या चौरंगाला लागेल, मी तिथे बायकांत बसेन, कुणीतरी म्हणेल, ही हिनं केली, आणि मग मी ह्या गल्लीची होईन. मला दुसरं काही नको होतं. वयही तसंच होतं, हव्यास एकदा मनात शिरला की तिथेच ठाण मांडून बसायचा.

आषाढभर मी तेच केलं. बोटांची टोकं पिवळी झाली ती धुऊनही जाईनात. हे म्हणाले, "पुन्हा हळद लागली का तुला?" श्रावण लागता लागता झालर पुरी झाली. अक्कानं ती वीत-वीत मोजून बघितली, घडी घातली, काखेत मारली आणि "बरं शे" म्हणून घरात गेली.

थोड्या वेळानं शिंप्याची बायको त्या घरातून बाहेर आली. तिच्या नवऱ्यानं कानबाईच्या मागचा पडदा शिवला होता. तिच्या ओटीत खण होता, नारळ होता, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघून म्हणाली, "तुम्हाला नाही का दिला? एवढं डोळे फोडून केलंत ते." मी म्हटलं, "मला कशाला?" आणि घरात येऊन डब्यांच्या फळीची कड उगीचच सारखी केली. खणाची मला काय हौस! पण अंगणात गुंता सोडवणारी बाई कामाच्या मोबदल्यातही मला विसरली, हे लागलं. तीच शिंपीण मला आणखी एक सांगून गेली होती. कानबाईचे रोट, म्हणजे त्या दिवशीची पुरणाची जाड पोळी, घरच्यांखेरीज कुणाला देत नाहीत. बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही. दर्शनाला बोलावतात, कुंकू लावतात आणि पानं वाढायच्या आधी वाटेला लावतात.

ठीक आहे, मी मनाशी म्हटलं. रोट नको. दर्शनाला तर बोलावतील.

शनिवारी संध्याकाळी धाकटी सून कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणाला निघाली. मी ओट्यावर होते. ती शिंप्याकडे थांबली. पलीकडे सोनाराकडे थांबली. माझ्या घरावरून जाताना माझ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे थांबली, त्याच्याही पुढच्या घरी थांबली, तिथली बाई तर नेहमी अक्काशी भांडायची. मला वाटलं, परतताना थांबेल. परतताना ती पदर सावरत पळतच घरात शिरली, कारण पाऊस आला होता.

तरी रविवारी मी न्हाले. लग्नातलं लुगडं नेसले, केसांत शेवंती घातली. दार सताड उघडं ठेवलं. हे यायचे होते, पण कान नदीला पूर होता आणि पलीकडची मोटार अलीकडे येत नव्हती. समोरच्या घरातून जात्याची घरघर, मग तुपाचा वास, मग बायकांची ये-जा. मी हातात सुई घेऊन दाराशी बसले. कशासाठी बसलेय हे कुणाला दिसू नये म्हणून. नमुना काही डोक्यात नव्हता, म्हणून नुसती साखळी घालत गेले. साखळीत साखळी, खांब नाही, वळण नाही. दुपारी ती माझ्या पायांशी ढीग होऊन पडली होती. एकदा अक्का दारात आली, हात कपाळाशी धरून गल्लीत इकडेतिकडे बघितलं, माझ्या दाराकडेही बघितलं, आणि आत गेली. मी मान वर केली नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये, असं मला आईनं शिकवलं होतं, आणि ह्या शिकवणीवरच मी पोसले होते. बोलावलं असतं तर मी अनवाणी धावले असते. पण बोलावणं आलं नाही.

दिवेलागणीला आरती झाली. गाणी सुरू झाली, फुगड्यांचा दणदणाट माझ्या ओट्यापर्यंत पोचत होता. माझी झालर त्या घरात होती आणि मी नव्हते. मी दार लावलं, शेवंती काढून माठावर ठेवली, सकाळचा भात खाल्ला. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर पुढेही फार वेळा वाटलं नाही.

सोमवारी सकाळी वाजंत्री गल्लीतून निघाली. मोठ्या सुनेच्या डोक्यावर चौरंग, त्यावर कानबाई. पाऊस भुरभुरत होता. माझी कणसं चौरंगाच्या चारी बाजूंनी डुलत होती आणि ओल्या झालरीतून हळदीचे थेंब सुनेच्या खांद्यावर पडत होते. मी खिडकीच्या फटीतून बघत राहिले. सुंदर दिसत होती. मी केली म्हणून म्हणत नाही.

नदीवरून सगळे परतल्यावर दारावर थाप पडली. अक्का होती. आणि ह्या वेळी तिनं उंबरा ओलांडला, चिखलाच्या पायांनी तरातरा आत येऊन माझ्या स्वच्छ जमिनीवर उभी राहिली.

"काल कोठे व्हती वं तू?"

"घरीच होते."

"घर? मंग उनी कशी नही?"

मी म्हटलं, "मला कुणी बोलावलंच नाही, अक्का."

राग होता तो तिच्या तोंडावरून निघून गेला आणि तिला काही कळेनासं झाल्यासारखं दिसलं.

"बलावनं ते पाव्हनासले ऱ्हास," ती म्हणाली. "घरना मानुसले कोन बलावस? तू पाव्हनी शे का?"

खणाचंही तेवढ्यात माझ्या तोंडून गेलंच असावं, कारण ती म्हणाली, "घरनी पोरले कोनी कामना खन देस का?" आणि दाराशी पडलेल्या कालच्या साखळीच्या ढिगाकडे बघत सांगितलं की रोटासाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठ घेतात. मुलांच्या, सुनांच्या, नातवंडांच्या. "तुना नावनीबी मूठ लिधी व्हती मी. वाट देखी देखी थकनूत आम्ही. तुना रोट दुसरं कोन खाई?"

तिनं मला मनगटाला धरून तिच्या घरी नेलं. चौरंग रिकामा होता. फुलं चुरगळलेली, जमीन पावलांनी मळलेली, बायका शेतावर निघायच्या घाईत. चुलीपाशी एका ताटाखाली माझा रोट झाकून ठेवला होता. मी पाटावर बसले आणि कालचा गार रोट दुधात मोडून खाल्ला. धाकटी सून दारात विळा घेऊन खोळंबली होती. तिनं मला सांगितलं की काल फुगडीला जोडीदारीण नव्हती म्हणून ती बसूनच राहिली. सगळ्यांचं कालच जेवून झालं होतं. पंगत उठून गेली होती आणि त्या पंगतीत माझं पान मांडलेलं होतं, हे मी एकटीच बसून खाताना समजून घेत होते. पुढच्या वर्षी बघू, अक्का म्हणाली. शेतावर जाताना तिनं ओली झालर माझ्याकडे वाळवायला टाकली, न विचारता.

पुढचा श्रावण यायच्या आत ह्यांची बदली धुळ्याला झाली. सामान मोटारीवर चढलं तेव्हा अक्का शेतात होती. मी शेतावर जाऊन तिच्या पाया पडले. तिनं मला निरोपाचं काही दिलं नाही. मीही वाट पाहिली नाही.

धुळ्यात घर बरं होतं, नळ होता, आजूबाजूला कचेरीतल्या माणसांच्या बायका होत्या, माझ्यासारखंच बोलणाऱ्या. माझ्या हातच्या कलेचं तिथे फार कौतुक झालं. मुलींच्या रुखवतांसाठी मी किती रुमाल आणि तोरणं केली त्याला हिशेब नाही, आणि प्रत्येकीनं मला न चुकता खण दिला, नारळ दिला, वर चार माणसांत गोड बोलली. कणसं मात्र कुणी मागितली नाहीत. सगळ्यांना हंस हवे असत. मी ते डोळे मिटून करत असे, आणि घरात कुणी नसलं की खांब मोठ्यानं मोजत असे.

श्रावणात समोरच्या घरची सवाष्ण करंडा घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहून हळदकुंकू लावायची आणि हात जोडून "नक्की यायचं हं" म्हणायची. मी नक्की येते म्हणायची, आणि दार लावून थोडा वेळ तिथेच उभी राहायची. धुळ्यात मला सगळ्यांनी बोलावलं.